फळ्यावरची शेवटची ओळ

डस्टरबाईंना खरं नाव होतं. पगारपत्रकावर ते दर महिन्याला छापून यायचं. पण पस्तीस वर्षांत ते कुणी तोंडानं घेतल्याचं ऐकिवात नाही. शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या लेखी त्या डस्टरबाई. असं नाव पडायला त्यांनी फार काही केलं नव्हतं. एका फळ्याची राखण केली होती, एवढंच.

त्या टायपिस्ट म्हणून नोकरीला लागल्या त्याच वर्षी आरोग्य खातं प्रांताच्या हाती आलं. तोवर सगळा कारभार दूरच्या राजधानीतून चालायचा. इथल्या दवाखान्याला कापूस हवा असला तरी कागद राजधानीला जायचा, आणि कापूस येईपर्यंत जखम भरून वर खपलीही पडून गेलेली असायची. बरीच भांडणं झाली आणि अखेर प्रांताला स्वतःचं सभागृह मिळालं, स्वतःचा आरोग्यमंत्री मिळाला, आणि त्या मंत्र्याच्या खात्याला जाब विचारायला सदस्यांची आरोग्य समिती बसली. बसायला इमारत मात्र नव्हती. मग एका बंद पडलेल्या मुलींच्या शाळेत सभागृहाचा संसार थाटला आणि समितीच्या वाट्याला चौथीचा वर्ग आला. बाकं तशीच ठेंगणी. भल्याभल्या सदस्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे. गुडघे हनुवटीला टेकले की माणसाची मिजास आपोआप उतरते, हे ज्याला पटत नसेल त्यानं एकदा चौथीच्या बाकावर बसून बघावं.

समितीच्या अध्यक्षबाई पंचवीस वर्षं नर्स होत्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं करून मग त्याच गावाच्या मतांवर निवडून आलेल्या. पहिल्याच बैठकीत आरोग्य संचालक उभे राहिले आणि म्हणाले, "नदीकाठच्या दवाखान्यात लवकरच नळ बसवू."

अध्यक्षबाई उठल्या. कोनाड्यातला खडू घेतला आणि मागच्या फळ्यावर लिहिलं, 'नदीकाठचा दवाखाना, नळ.' मग खडू तसाच टेकवून म्हणाल्या, "पुढे तारीख लिहायचीय. सांगा."

संचालकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तारीख सांगितली. बाईंनी ती लिहिली आणि डस्टर उचलून कोपऱ्यात टाइप करत बसलेल्या मुलीच्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडे. काम झाल्याशिवाय ओळ पुसायची नाही. आणि झालं असं कुणी सांगितलं म्हणूनही पुसायची नाही. जाऊन बघायचं."

"मी बघू?" तेवीस वर्षांची मुलगी म्हणाली.

"का? तुला डोळे नाहीत?"

तिथून ती प्रथा पडली. खात्यानं दिलेला प्रत्येक शब्द फळ्यावर तारखेसकट चढायचा. संचालक वर्गात शिरले की नमस्काराआधी त्यांची नजर फळ्यावर जायची. सदस्यांचे दोन पक्ष मोठ्या सभागृहात एकमेकांच्या उरावर बसायचे आणि चौथीच्या वर्गात एकाच डब्यातलं खाऊन तोच प्रश्न दोन्हीकडून विचारायचे. डस्टरबाईंच्या बाह्या कायम पांढऱ्या. "लोकांच्या पोरींना नोकरीत शाईचे डाग पडतात," त्यांची आई म्हणायची, "आमची खडू फासून येते."

आणि बघायचं म्हणजे नुसतं बघायचं नाही. नळ बसवला म्हणाले तर अध्यक्षबाई त्याचं पाणी पिऊन बघायला लावायच्या. वजनकाटा आला म्हणाले तर त्यावर उभं राहायला लावायच्या, आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या, हे त्याहून वाईट. एकदा एका गिरणीच्या गावात बाळंतपणाची नवी खोली बघायला दोघी गेल्या. लोखंडी खाट होती, वर स्वच्छ चादर होती.

"झोप," बाई म्हणाल्या.

"बाई, माझं अजून लग्नसुद्धा झालं नाही!"

"मी बाळंत हो म्हणाले का? झोप म्हणाले. इथे पडलेल्या बाईला काय दिसतं ते दारातून कळत नाही."

ती लाजत लाजत आडवी झाली. वर पाहिलं तर डोक्यावरचं कौल फुटलेलं, त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता आणि दिव्याच्या जागी नुसत्या दोन तारा लोंबत होत्या. ती उठू लागली तशी बाईंनी खांदा दाबला. "पाच मिनिटं पूर्ण पड. बाईला इथे दिवसदिवस पडावं लागतं." गिरणीच्या गावची ती ओळ फळ्यावर आणखी तीन महिने राहिली.

पुढे डस्टरबाईंचं लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी झाली; पण 'तुमचे चांगले दिवस कोणते' असं कुणी विचारलं तर त्या अजून चौथीच्या वर्गाचंच सांगतात. नवऱ्याला याचा थोडा राग आहे. असू दे.

नोकरीच्या विसाव्या वर्षी सभागृहाची नवी इमारत तयार झाली. काचेची, गाद्यांच्या खुर्च्यांची. अध्यक्षबाई तोवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष गृहस्थ वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. सामान हलवायच्या आदल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ उरली होती: 'टेकडीवरचा दवाखाना, बाळंतपणाची खोली, चोवीस तास नर्स.' त्याच दुपारी खात्याचं पत्र आलं की काम पूर्ण झालं. सोबत फोटो होता. पांढरी खोली, खाट, खिडकी.

"पत्र आलंय ना? मग पुसून टाका की," अध्यक्ष म्हणाले. "निरोपाच्या फोटोत फळा स्वच्छ दिसू दे."

टेकडी म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस. सामान उद्या हलणार. फोटोग्राफर दारात उभा. डस्टरबाईंनी फोटो नीट निरखला. खोली तर दिसतेय, त्या मनाशी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा न बघता ओळ पुसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत त्या हसताहेत.

नव्या इमारतीत फळा नव्हता, संगणकाचा पडदा होता. झालेली कामं हिरवी, न झालेली तांबडी. खात्याचं पत्र आलं की तांबड्याचं हिरवं व्हायचं, कुणाला कुठे जावं लागायचं नाही. पंधरा वर्षांनी डस्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा सहकाऱ्यांनी जुनं डस्टर रंगीत कागदात बांधून भेट दिलं. त्यांनी ते घरी खिडकीत ठेवलं.

निवृत्तीला चार वर्षं झाली आणि एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. बहिणीची मुलगी दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या गावात लग्न होऊन गेलेली. तिला सातवा महिना लागला होता, म्हणून बहीण तिच्याकडे राहायला गेली होती.

"ताई, डॉक्टरांनी पोरीला प्रवास बंद केलाय. गाडीचा धक्काही नको म्हणाले. आता खाली शहरात कशी आणू?"

"आणायची कशाला? तिथे खोली आहे की. दवाखान्यात."

"खोली आहे. तिच्यात मोडक्या खुर्च्या ठेवतात."

"आणि नर्स?"

"कसली नर्स? तिची सासू म्हणते, खोली बांधून फोटो काढला, कुलूप लावलं, ते लावलंच. इथल्या बायका खाली जाता जाता गाडीत बाळंत होतात, ताई. शेजारणीचं पोर तसंच गेलं गेल्या साली. तुझी तिकडे ओळख आहे ना? कुणाला तरी सांग. महिनाभर एखादी नर्स पाठवतील."

डस्टरबाई खाली बसल्या. एकोणीस वर्षं. त्यांना आधी भाची आठवली नाही, शेजारीण आठवली, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मग पांढरी खोली आठवली आणि टाळ्या आठवल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की फोन कानाला तसाच राहिला.

"ओळखीनं नको," त्या म्हणाल्या. "ओळखीनं आलेली नर्स महिन्यानं परत जाईल."

"म्हणजे माझ्या पोरीच्या जिवावर तू तुझे नियम चालवणार?" बहिणीनं फोन आपटला. तिचंही काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई काचेच्या इमारतीत गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी पडद्याकडे पाहून हळहळली. "बाई, ही नोंद हिरवी आहे. हिरवी नोंद पुन्हा उघडत नाहीत."

"नागरिकाचा अर्ज आला तर उघडतात. तो नियम मीच टाइप केलाय. कलम अकरा."

मुलीनं कलम अकरा काढलं, वाचलं, आणि मुकाट्यानं अर्जाचा कागद पुढे केला.

तीन आठवड्यांनी त्यांना समितीपुढे बोलावणं आलं. पस्तीस वर्षं त्या या समितीच्या मागे बसल्या होत्या, समोर कधीच नाही. साक्षीदाराची खुर्ची एवढी उंच की पाय जमिनीला टेकेनात. संचालक नवे होते, तरुण, नीटनेटके. त्यांनी फाइल उघडून शांतपणे सांगितलं, "पूर्ततेचं पत्र नोंदीत आहे. आपल्या समितीनंच ही नोंद बंद केलेली दिसते."

"समितीनं नाही. मी," डस्टरबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "मग तुमची तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे?"

"पहिली माझ्याविरुद्ध लिहून घ्या. मी न बघता पुसलं. बघायला गेले असते तर त्याच आठवड्यात कळलं असतं की नर्स नाही. खात्याचं नंतर बघा." त्यांनी पिशवीतून डस्टर काढून टेबलावर ठेवलं. "या समितीत मला एकच काम सांगितलं होतं. तेवढं नाही केलं मी."

संचालकांनी फाइल मिटली. "आम्ही या बाबतीत लवकरात लवकर कार्यवाही करू."

बाईंच्या ओठांवर प्रश्न आला, पण साक्षीदारानं उलट प्रश्न विचारायचा नसतो, हा नियमही त्यांनीच टाइप केला होता. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला डुलक्या काढणाऱ्या एका म्हाताऱ्या सदस्यांनी डोळे उघडले. चौथीच्या बाकावर बसलेले तेवढे एकच आता उरले होते.

"तारीख सांगा साहेब," ते म्हणाले. "नाहीतर ही बाई खुर्चीवरून उठायची नाही, आणि मला जेवायला जायचंय."

तारीख मिळाली. पुढच्या महिन्याची वीस. भाचीचे दिवस भरत होते त्याच महिन्याच्या अखेरीला.

एकोणीस तारखेला डस्टरबाई टेकडीवर पोचल्या. बहीण धड बोलली नाही, पण पाणी गरम करून दिलं. वीस तारखेला तिघी सकाळीच दवाखान्यात गेल्या. भाचीचं घर तिथून चार पावलांवर होतं. मोडक्या खुर्च्या बाहेर अंगणात काढलेल्या. भिंतींना ओला चुना. दोन नर्स आल्या होत्या, एक दिवसपाळीची, एक रात्रपाळीची. दोघींच्या बदलीच्या हुकमांवर बाईंनी कायम नेमणूक असल्याचा शब्द बोट ठेवून वाचला. नळ सोडला. तो आधी खोकला, मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. त्या ओंजळभर प्यायल्या.

"आता मला जरा झोपायचंय," त्या म्हणाल्या.

थोरली नर्स घाबरली. "मावशी, चक्कर येतेय का?"

"चक्कर नाही. पडून बघायचंय. आमच्या अध्यक्षबाईंचा नियम आहे, पाच मिनिटं."

"या वयात बाळंतपणाच्या खाटेवर!" बहीण म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली. पण तिनंच एका बाजूनं धरलं, नर्सनं दुसऱ्या बाजूनं, आणि बासष्ट वर्षांच्या डस्टरबाई गुडघ्याला शिव्या देत खाटेवर चढल्या.

वर छप्पर सलग होतं. पंखा फिरत होता. दिवा पेटत होता, भर दिवसा, कारण बघायला म्हणून त्यांनीच लावायला सांगितला होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथे येऊन अशाच पडल्या असत्या तर, असं मनात आलं आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत उतरलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. "बघितलं बाई," त्या छपराकडे पाहून पुटपुटल्या. "उशिरा बघितलं."

"मावशी, ऊठ आता," दारात उभी असलेली भाची म्हणाली.

"दोनच मिनिटं झालीत गं."

"मावशी." भाचीनं चौकट घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा घामानं डबडबला होता. "मला खरंच झोपायचंय."

पाच मिनिटं भरायच्या आधी डस्टरबाई खाटेवरून उठल्या त्या आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्याही कुणी हात न धरता.