प्रशिक्षणानंतर आलेला क्षय

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा ज्याचं त्याचं प्रशिक्षण चाललं होतं. काल नांगर धरणारा माणूस आज क्रेनवर चढत होता, मग आम्ही प्रयोगशाळावाल्यांनीच काय घोडं मारलं होतं? मरोदा गावाच्या बाजूला एका बांधकाम कंपनीचा पत्र्याचा दवाखाना होता. त्याच्या टोकाच्या खोलीत मी, एक मायक्रोस्कोप आणि काचा धुणाऱ्या मावशी. एवढीच ती प्रयोगशाळा. मावशी आणि मी, दोघंही भंडाऱ्याकडचे. फरक इतकाच, की मी मॅट्रिक होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

थुंकीतले क्षयाचे जंतू कसे ओळखायचे हे शिकवायला नागपूरहून एक डॉक्टर आले. आठवडाभर मी आणि आसपासच्या दवाखान्यांतले कंपाउंडर त्यांनी आणलेली जंतू असलेली थुंकी स्लाइडवर पसरून रंगवत होतो. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की क्षय. डॉक्टर इंग्रजीतून बोलत. जंतू सापडलेली स्लाइड पुन्हा वापरायची नाही, फोडून टाकायची, हे त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. मीही वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मावशी त्या वेळी बाहेर आमच्यासाठी चहा करत होत्या. वर्गात त्यांचं काय काम!

शेवटच्या दिवशी सर्टिफिकिटं मिळाली, फोटो निघाला.

पुढच्या पंधरवड्यात माझी नजर एकदम तयार झाली. भरतीच्या तपासणीला येणाऱ्या धडधाकट माणसांत मला क्षय सापडू लागला. दवाखान्याचे मोठे डॉक्टर खूश. प्रशिक्षणाचा कसा उपयोग झाला याचा त्यांनी वर अहवालही धाडला. ज्यांच्यात जंतू सापडले ते भरतीला नालायक ठरून गावी परत गेले. मी मान ताठ करून फिरत होतो.

त्यातला एक मात्र जाईना. साकोलीकडचा तरणा गडी, शेती भावांत वाटून हातात काही न उरलेला. पक्की नोकरी एवढाच त्याला आधार होता. खोकल्याचं औषध दिलं तर ते मुकाट्याने पिऊन तो रोज व्हरांड्यात ट्रंकेवर येऊन बसे.

"साहेब, मले खोकला बी नाही. दिवसभर विटा उचलून राहिलो. मले कावून काढता?"

मला राग आला. सर्टिफिकीटवाल्या माणसाशी हा हुज्जत घालतो! निरोगी माणसाची स्लाइड कशी दिसते हे त्याला एकदा दाखवूनच द्यावं म्हणून मी स्वतःची थुंकी रंगवली आणि डोळा लावला.

लाल काड्या.

बायको, पोरगी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. थोड्या वेळाने काय सुचलं कोण जाणे, मी स्लाइडच्या त्याच पेटीतली एक कोरी स्लाइड घेतली आणि काहीही न लावता तशीच रंगवली. तिलाही क्षय झालेला होता.

"मावशी, ही पेटी कुठली?"

"तुमच्याच ट्रेनिंगची त होय, भाऊ. सोड्यानं घासून घासून लख्ख केली मी. नव्या काचा कुठं भेटते?"

"अहो, त्या फोडायच्या होत्या!"

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

मी वहीकडे पाहिलं. जी गोष्ट फक्त मावशींना कळायला हवी होती, ती आम्ही त्यांना सोडून सगळ्यांना शिकवली होती.

नवी पेटी मागवून त्या गड्याची थुंकी तीनदा तपासली. स्वच्छ. मोठ्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. अहवाल तर जाऊन बसला होता. शेवटी त्यांनी त्याच्या कागदावर शेरा मारला, 'उपचारानंतर बरा, कामास योग्य'. गावी गेलेल्यांना बोलावणी धाडली. सगळे आले नाहीत. पुढल्या वर्षी पुन्हा प्रशिक्षण झालं, तेव्हा मावशींना आत बसवा म्हणून मी शब्द टाकला. त्या मॅट्रिक नाहीत असं उत्तर आलं.

गडी कामाला लागला. धान निघाल्यावर बायकोला घेऊन माझ्या क्वार्टरवर आला, सोबत चिन्नोर तांदळाचं गाठोडं.

"या साहेबानं माहा क्षय बरा केला," त्याने तिला सांगितलं. "हे होते म्हणून वाचलो."

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाया पडली. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.