पाय घातला म्हणून

"बसतो ना, काकू, बसतो," असे तो म्हणायचा आणि उभाच राहायचा. चहाचा कप हातात, पाठ भिंतीला, आणि दर थोड्या वेळाने मान आधी डाव्या खांद्यावरून वळायची, मग उजव्या. मागे भिंतच असायची. तरी तो बघायचा.

तुम्ही दोघांनी एकदा व्हिडिओ कॉलवर विचारले होते, "आजी, मागे येरझाऱ्या घालणारा तो उंच माणूस कोण?" तेव्हा 'शेजारचा आहे' एवढे सांगून मी विषय बदलला, कारण त्याला ऐकू जात होते. आता तो इथे नाही. तेव्हा नीट सांगते.

तो व्यावसायिक फुटबॉलपटू होता. बचावपटू. तुमच्या तिकडे यात काही नवल नाही, पण उरवड्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात घरटी एक पैलवान निघतो. त्याचे वडील तर तालुक्यात गाजलेले. त्यांना सगळे नुसते पैलवान म्हणतात, मीही तेच म्हणते. आपले घर ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी त्यांची. "तुमचा सोफा हाय ना बाई, तितं आमचं भाताचं खाचर व्हतं," असे ते मला वर्षातून एकदा तरी सांगतात. त्यात राग नसतो. वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावे, तसे सांगतात.

मुलाला त्यांनी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात घातले ते कुस्तीसाठी. आखाड्याला लागून फुटबॉलचे मैदान होते. मुलगा कुंपण ओलांडून तिकडे गेला तो गेलाच. पुढे गोवा, कोलकाता, बंगळुरू, केरळ. दर सीझनला नवा करार, नवे गाव, नवी खोली. मे महिन्यात घरी आला की पारावरच्या म्हाताऱ्यांचा एकच प्रश्न.

"किती गोल केलं रं?"

"आप्पा, मी गोल करत न्हाई. होऊ देत न्हाई."

"म्हंजी नुसता उभा ऱ्हातोस व्हय?"

पैलवान यावर मिशीवरून हात फिरवत आणि डोंगराकडे बघत. कुस्तीत कोण पडला ते सगळ्यांना दिसते. ज्याने पडू दिले नाही त्याचे कौतुक कसे करायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आमची ओळख मोबाइलमुळे वाढली. त्यांचे घर उताराखाली, तिथे रेंज येत नाही. आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाशी ती पूर्ण मिळते. त्यामुळे सुट्टीवर आला की सकाळ-संध्याकाळ त्याचा मुक्काम तिथे. एजंटशी हिंदीत बोलायचा, गोव्याच्या मित्राशी इंग्रजीत भांडायचा, आणि बोलणे संपले तरी चालतच राहायचा. त्या कोपऱ्यात गवत उगवायचे बंद झाले.

हात रिकामे असले की तो माझ्या कुंड्या हलवायचा. एके दिवशी पाहते तर सगळ्या कुंड्या दोरी लावल्यासारख्या एका रेषेत.

"अरे, जास्वंदीला ऊन लागत नाही तिथे."

"पुढं आली व्हती, काकू. लाइन मोडत व्हती."

मी जास्वंद पुन्हा पुढे ओढायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे. शेवटी फुले यायची थांबली, तेव्हा त्याने तेवढी एक कुंडी मोकळी सोडली. पण तिच्याजवळून जाताना त्याचे तोंड वाकडे व्हायचे.

त्याच्याबरोबर पिरंगुटच्या चौकात रस्ता ओलांडणे हा तर वेगळाच प्रकार होता. तुम्हाला तो चौक आठवत असेल. कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, पीएमपी, आणि मधून वाट काढणारे आम्ही. एकदा मी आणि शेजारच्या कुलकर्णीबाई भाजी घेऊन उभ्या होतो. तो कुठूनसा आला, दोन्ही हात पसरून आमच्यापुढे उभा राहिला आणि ओरडायला लागला, "थांबा, थांबा... आता चला. काकू, डावीकडं. टेम्पो माझा, तुमी स्कूटर बघा!" आम्ही पलीकडे पोचलो, पण कुलकर्णीबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "भर चौकात बाईमाणसाला स्कूटर बघा म्हणतो," एवढेच त्यांनी नंतर ऐकवले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

त्याच्या शेवटच्या मोठ्या क्लबचा तो निर्णायक सामना होता. बरोबरी झाली असती तरी त्यांचा संघ पुढे गेला असता. तालमीतल्या पोरांनी टीव्ही बाहेर ओट्यावर मांडला होता आणि त्या दिवशी प्रथमच पैलवान स्वतः खुर्ची टाकून सामना बघायला बसले होते. मी घरी मोबाइलवर बघत होते. मोबाइलवरचे चित्र टीव्हीपेक्षा मागे असते, हे मला तोवर माहीत नव्हते. सामना संपत आला होता, आमच्या खेळाडूंच्या पायात चेंडू होता, आणि एकदम गावातून फटाक्यांचा आवाज आला. माळ लागली, हलगी सुरू झाली. मला समजेना. मग लक्षात आले, अरे, गावाने आधीच पाहिले, म्हणजे आता इथे गोल होणार आहे. मी चष्मा पुसून सरसावून बसले.

मग मला दिसले. चेंडू आमच्याकडून गेला, समोरचा एक जण तो घेऊन कडेने सुसाट आला आणि त्याने जमिनीलगत आडवा पास दिला. आपल्या माणसाने घसरत पाय घातला. त्याच्या बुटाला लागून चेंडू वळला आणि त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला. स्वयंगोल. तो गवतावर पालथा पडून राहिला. बाहेर फटाके वाजतच होते.

गावाचे चुकले ते असे. हलगीवाला आधीपासून वाजवत होता, म्हणून टीव्हीचा आवाज बंद केलेला. पडद्यावर चेंडू जाळ्यात गेलेला दिसला आणि खाली आपल्या पोराचे नाव उमटले. नावापुढे इंग्रजीत 'ओजी' अशी दोन बारीक अक्षरे होती, म्हणजे स्वयंगोल, ती कोणी वाचली नाहीत. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते नाव एकदाचे आले, एवढेच सगळ्यांना कळले. पोरांनी पैलवानांना खांद्यावर घेतले. गुलालाने त्यांची मिशी लाल झाली, आणि पुढचा सामना कोणी पाहिलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला. पिरंगुटच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, शेजारी तालमीतल्या सगळ्यांचे फोटो. बसमधून तो दिसताच हा गावाच्या आधीच्या थांब्यावरच उतरला आणि शेताच्या बांधाने चालत आला. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"काकू, तुमी म्याच बघितली?"

"बघितली."

"मंग तुमाला म्हाइती हाय."

"हो."

"ह्ये वडलांनी धाडल्यात. समद्या गावात मलाच वाटाय लावल्यात." त्याने बॉक्स पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. "नको वाटलं तर नका खाऊ."

मी एक घेतला. त्याच्यासमोरच खाल्ला.

क्लबने त्याला सोडले होते. त्या गोलची क्लिप फुटबॉलवाल्यांत सगळीकडे फिरत होती, आमच्या कुस्तीवाल्या गावात तेवढी आली नव्हती, आणि एजंट फोन घेत नव्हता. वय तिशीच्या पुढे, गुडघ्याची दोन ऑपरेशने झालेली. "गुडघा म्हणतोय आता बास," तो मला म्हणाला. "मला पन कळतंय. पर शेवटचा चेंडू त्यो नको, काकू. एक म्याच मिळू दे. बारकी असली तरी चालंल. त्येवढं झालं की मी गप बसतो."

पण तोवर गप बसणे त्याला जमत नव्हते. पेरूच्या झाडाखाली चालायचा, थांबायचा, फोन वर धरून रेंज बघायचा. रेंज असायची, फोन यायचा नाही. पहाटे लवासाच्या बाजूला जायचा. तिथले रस्ते रुंद आणि इमारती अर्ध्यामुर्ध्या, बघायला कोणी नाही, म्हणून तिथे पळायचा. परत यायचा तो गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून. घरात वडील खुशीत, आणि याला त्यांच्यापुढे जेवताना मान वर करता येत नाही. "घास गिळंना झालाय," म्हणायचा, आणि माझ्या स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या दोन पोळ्या खाऊन जायचा.

मग चैत्रात गावची जत्रा आली. कुस्त्यांच्या आधी आखाड्यात त्याचा सत्कार ठेवला होता. आम्हा बायकांना मंडपात खुर्च्या होत्या. माइकवरचा निवेदक रंगात आला होता. "आपल्या मातीतल्या पैलवानानं परमुलखात जाऊन गोल ठोकला!" पैलवानांना आधीच फेटा बांधून पुढच्या रांगेत बसवले होते. मुलाच्या डोक्याला फेटा बांधायला दोघे जण पुढे झाले, तसा तो एक पाऊल मागे सरला आणि त्याने निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"त्यो गोल मी आपल्याच जाळ्यात घातला व्हता," तो म्हणाला. "आमी हरलो. माज्यामुळं हरलो."

हलगी थांबली. निवेदकाने माइक परत घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग कडेच्या बांधावरून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी फटाकं फुकट गेलं म्हना की." आखाडा हसला. माइक धरून उभा असलेला तोही थोडा हसला. पैलवान मात्र उठले, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुस्त्या सुरू झाल्या, पण त्यांची खुर्ची मोकळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान माझ्या दारात उभे. मला वाटले, पोराची तक्रार घेऊन आले. पण ते आत येऊन सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, त्यो गोल मला दावा."

मी मोबाइलवर लावून दिला. त्यांनी पाहिला. "परत." पुन्हा पाहिला. "आता हळू होतंय का?" मी हळू करून दिला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. किती वेळा पाहिला ते मी मोजले नाही, पण गॅसवरचे दूध उतू गेले तरी मी उठले नाही.

"ह्यो मागं कोन हाय?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. मुलाच्या पाठीमागे, बोटभर अंतरावर, समोरच्या संघाचा एक खेळाडू धावत येत होता. त्याच्यापुढे मोकळे जाळे होते. इतक्या वेळा पाहूनही माझे लक्ष चेंडूवर आणि आपल्या माणसावरच होते.

"त्यांचाच," मी म्हटले.

"मंग ह्येनं पाय घातला नसता तर ह्यो मारनारच व्हता की."

"हो. बहुतेक."

"पाय घातला म्हनून ह्येच्या नावावर लागला. नसता घातला तर नाव दुसऱ्याचं आलं असतं." त्यांनी मोबाइल सोफ्यावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "समोरचा अंगावर आला तर पाय घालावाच लागतो, बाई."

हे त्यांनी मुलाला सांगितले की नाही, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी झाडाखाली दोघे होते. मुलगा चालत होता आणि पैलवान कंपाउंडच्या भिंतीवर बसून त्याच्या फोनकडे बघत होते, जणू तो वाजवायचे काम त्यांच्याकडे दिले आहे.

फोन आला तो उन्हाळा संपता संपता. मेघालयातला एक लहानसा क्लब. त्यांचा एक बचावपटू जायबंदी होता, काही सामन्यांपुरते कोणीतरी हवे होते. क्लिप त्यांनीही पाहिली होती. "चालेल म्हणाले, काकू. त्यांनी इचारलं, अजून घसरून पाय घालतोस का. मी म्हटलं, व्हय." तो दोनच दिवसांत गेला. निरोप घ्यायला आला तेव्हाही "बसतो" म्हणाला, आणि कुंड्यांवरून एक नजर टाकून गेटबाहेर पडला.

त्याचा तिथला पहिला सामना आम्ही आपल्या दिवाणखान्यात पाहिला, पैलवान आणि मी. कोणीतरी मैदानाच्या कडेला उभे राहून मोबाइलवर दाखवत होते. चित्र थांबत होते, माणसांचे ठिपके दिसत होते. डोंगरावरचे मैदान, एका अंगाला देवदारांसारखी झाडे आणि त्यांच्यापलीकडे नुसते धुके. गोल कोणाचाच होत नव्हता. एकदा समोरचा त्याला चुकवून पुढे गेला तेव्हा पैलवान सोफ्यावरून अर्धे उठले, तोवर याने घसरत जाऊन चेंडू काढला होता. ते हळूच खाली बसले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "घातला," म्हणाले.

शेवटी शेवटी गर्दीत एक चेंडू उसळून त्याच्यापुढे आला. त्याने इकडेतिकडे पाहिले नाही, सगळे अंग घालून तो उडवला. चेंडू चित्राच्या बाहेर गेला. मग तो लंगडताना दिसला, गुडघा धरून खाली बसला, आणि दोघांनी त्याला हाताला धरून बाहेर नेले. त्यानंतर तो खेळला नाही. डॉक्टरांनी साफ मनाई केली. तो तिथेच राहिला आहे, त्या क्लबच्या लहान मुलांना शिकवतो. इकडे पेरूखाली गवत आले आहे आणि कुंड्या वाटेल तशा पडल्या आहेत.

मी त्याला फोनवर विचारले, "अरे, तो शेवटचा मारलास तो चेंडू गेला कुठे? आम्हाला दिसलाच नाही."

"खाली दरीत, काकू. पोरं लई हुडकून आली. गावला न्हाई. दुसरा आनून म्याच संपवली."

पैलवान शेजारीच बसले होते. मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं. लांब गेला."