गावाहून आणलेली वरठीण

"हे मशीनमध्ये टाकू नकोस," बाई म्हणाल्या आणि चादर माझ्या पायापुढं टाकली.

रक्तानं भरलेली चादर. बाईंच्या मुलीला, म्हणजे ताईला, बाळंत होऊन घरी आणल्याचा दुसरा दिवस. मशीन माझ्या मागंच होतं, काचेच्या दाराचं, नवंकोरं. कॅनडातल्या त्या घराच्या तळघरात मी आणि ते मशीन, दोघंच राहत होतो. मी म्हटलं, "बाई, थंड पाण्यावर लावलं तर निघते." बाई हसल्या. खोचक नाही, लाडानं हसल्या. म्हणाल्या, "अगं, मशीन खराब होतं. आणि तुला काय नवीन आहे यात? हिच्या जन्माच्या वेळचे सगळे कपडे तुझ्या आईनंच धुतले होते. तुझा तर हात बसलेला असेल."

मी नर्स. तीन वर्षांचा कोर्स, सहा वर्षं दवाखान्यात. तरी मी उकिडवी बसली आणि टबात चादर धुतली. रक्ताला ऊन पाणी दाखवायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं, कॉलेजनं नाही. नळाचं पाणी असं थंड की बोटं कोणाची आहेत तेच कळेना. डाग राहिला नाही. बाईंनी चादर खिडकीशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि मला, काय सांगू बाप्पा, बरं वाटलं. शाबासकी मिळाली म्हणून बरं वाटलं. चादरीपेक्षा ते सांगायची मला जास्त शरम येते.

आम्ही सौसरचे, नागपूरच्या पलीकडं मध्य प्रदेशातले. जातीनं वरठी, गावाचे कपडे धुणारे. बाप लवकर गेला. आईनं पंधरा-वीस घरं धरली होती. बाळंतपण झालं की त्या घरचा बोचका आमच्याकडं यायचा, कारण ते कपडे घरची बाई हातात घेत नसे. बाराव्या दिवशी आईला बोलावणं यायचं. लुगडं, नारळ, सुपात तांदूळ. आई अंगणातच उभी राहायची आणि पदर पसरायची. मी तिच्या मागं असायची. मला ते तेव्हा सणासारखं वाटायचं, नारळ मिळे ना!

माझा नर्सिंगचा निकाल लागला त्या आठवड्यात आईनं घरोघरी जाऊन सांगितलं, "आता मी कपडे नाई नेणार." एवढंच. भांडण नाही, काही नाही. शाळेत मुलांचं जेवण रांधायच्या कामाला लागली. काही घरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. तिनं मनावर घेतलं नाही.

मी पांढुर्ण्याला एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात लागली. हे घराणं मूळ सौसरचंच, आईनं ज्यांचे धुतले त्यातलंच. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर दवाखान्यात गर्दी वाढली. सलाईन, ड्रेसिंग, बाळंतपणं, रात्रपाळी, सगळं मी करायची. एक दिवस डॉक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कॅनडातल्या ताईला दिवस राहिले होते. साहेबांची बायको, म्हणजे बाई, जाणारच होत्या, सोबत माणूस पाहिजे होतं. साहेब म्हणाले, "चल. तिथं नर्सला मान आहे. गेल्यावर पाहू, अस्पतालात लावून देऊ."

मी विचारलं नाही, कसं लावाल? व्हिसावर 'व्हिजिटर' लिहिलं होतं. मला वाचता येतं. मी वाचलं आणि पासपोर्ट मिटवून टाकला. माझी गलती तिथून चालू होते, साहेबांपासून नाही.

माझा भाऊ बोरगावला कंपनीत आहे. त्यानं बसस्टँडवर फ्लेक्स लावला. 'सौसरच्या लेकीची परदेशात स्टाफ नर्स म्हणून निवड.' मध्ये माझा फोटो, खाली त्याच्या आठ दोस्तांचे, सगळे गॉगल लावून. लोक थांबून वाचत होते. मी रिक्षातून तिकडं पाहिलं आणि मान खाली घातली. भावाला म्हणायला पाहिजे होतं, उतरव हे. म्हटलं नाही. आई शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडून आली.

तिकडं पहिल्याच दिवशी जावईबापूंनी माझा पासपोर्ट मागून घेतला. "सांभाळून ठेवतो," म्हणाले. मी दिला. मग स्वयंपाक, भांडी, मालिश, धुरी, आणि कपडे. ताई तशी वाईट नाही. तिला पाजता येत नव्हतं, ती रडायची. मी तिला धरून बसवलं, पोरीचं तोंड कसं लावायचं ते शिकवलं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, पोर पिवळी दिसून राहिली, आजच्या आज दाखवा. दाखवलं. कावीळच होती, दोन दिवस दिव्याखाली ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणीनं विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? बाई म्हणाल्या, "मीच पाहिलं." मी पोरीची पिशवी धरून मागं उभी होती.

त्याच दिवशी मी अजून एक काम केलं. दवाखान्यातला पांढरा कोट मी सोबत नेला होता. तो घालून अस्पतालाच्या दारात उभी राहिली आणि फोटो काढून भावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. त्यानं सगळीकडं फिरवला. असं मी माझ्या हातानं माझं झूठ पोसलं.

मग बारसं आलं. आजूबाजूची पंचवीस-तीस मराठी माणसं येणार होती. मी माझा निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला. मला वाटत होतं, आज तरी बाई सांगतील, ही आमची नर्स. कोणी अस्पतालात ओळखीचं निघालं तर दोन शब्द बोलता येतील. बाई ड्रेस पाहून म्हणाल्या, "हे नको. साडी नेस. आज तुझं पण काम आहे."

पाळणा झाला, नाव ठेवलं. बाईंनी हाक मारली, "ये गं, पुढं ये." मी गेली. त्यांच्या हातात साडी, नारळ आणि सुपात तांदूळ होते. सूप! ते त्यांनी पांढुर्ण्याहून सामानात आणलं होतं. एक पाहुणी विचारून राहिली होती, ही नर्स का हो? बाई मोठ्यानं म्हणाल्या, "नर्स वगैरे सोडा. ही आमच्या गावची वरठीण. आम्ही इथं पण सगळं रीतीनं केलं. इथं कोणाकडं आहे, सांगा बरं?"

सगळे कौतुकानं हसले. कोणी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले.

आणि मी पदर पसरला.

कोणी माझा हात धरला नव्हता, धमकी दिली नव्हती. हात आपोआप उठले. साडी पडली, नारळ पडला, तांदूळ ओतले. मग मी वाकली आणि बाईंच्या पाया पडली. बाई म्हणाल्या, "सुखी राहा." मी तांदूळ सांडू नये म्हणून पदर धरून जिना उतरली आणि तळघरात जाऊन बसली. वर जेवणं चालू होती. मला कोणी विसरलं नाही, ताट खाली पाठवलं.

बाईंनी फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या पांढुर्ण्याच्या ग्रुपवरून सौसरला यायला किती वेळ लागते? सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती शाळेच्या चुलीपाशीच उभी होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पाया बी पडली तू?"

"हो."

"कायले?"

  आईच म्हणाली, "मी तं इथंच राहून सोडलं ते. तू येवढ्या दूर जाऊन धरलं." आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर पाच दिवस तिनं माझा फोन उचलला नाही.

भावाचा आला. तो चिडून होता. "लोकं हासून राहिले. कंपनीत पोट्टे मले इचारून राहिले, का रे, तुही बहीण तिथं कपडे धूते का? पण तू वापस येऊ नको हां. आता आली तं तोंड दाखवाले जागा नाई राहणार. तिथंच राय. काहीतरी लागून जाईन."

मी पाच दिवस तेच घोळवलं. राहिली तर फोटोला उत्तर देता येईल, पुढं कधीतरी खरंच नोकरी लागली तर लोक विसरतील. बाईंनाही तेच पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "व्हिसा सहा महिने वाढवून घेऊ. पोर जरा मोठी होऊ दे, मग तुझं अस्पतालाचं पाहतेच." मी हो म्हणणार होती, खरं सांगते. परत जायच्या शरमेपुढं ते तळघर मला बरं वाटून राहिलं होतं. रात्री पडल्या पडल्या मी हिशेब लावला की मी कोणाला घाबरते. बाईंना नाही, जावईबापूंना नाही. मी सौसरच्या बसस्टँडला घाबरत होती.

सहाव्या दिवशी बाई नेहमीसारखा बोचका घेऊन खाली आल्या. मी तो त्यांच्या हातातून घेतला, मशीनचं दार उघडलं आणि आत टाकला.

"अगं, मशीनमध्ये नको म्हटलं ना?"

"मग तुम्ही धुवा," मी म्हटलं.

 बाईंना पहिल्यांदा वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी परत म्हटलं, "मी वरठीण म्हणून नाही आली. मला माझा पासपोर्ट द्या."

वर गेल्यावर मोठा गोंधळ झाला. बाई म्हणाल्या, घरच्यासारखं वागवलं, आमच्यातलीच ताट-वाटी दिली, त्याचं हेच फळ का? जावईबापू म्हणाले, "आपण शांतपणे बोलू." बोलायला काही नव्हतं. ताई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मला एकटीला जमणार नाही गं." मला तिचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "जमंल. मी शिकवलं ना सगळं." तिनंच उठून ड्रॉवर उघडला आणि माझ्याकडं न पाहता पासपोर्ट दिला. जावईबापूंनी तोंड पाडून तिकिटाची तारीख बदलली. पोरीला शेवटची आंघोळ मी घातली. ती साडी आणि नारळ तळघरातच ठेवले, मशीनवर.

नागपूरला भाऊ घ्यायला आला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "कोनी इचारलं तं सुट्टीवर आली सांगजो."  गल्लीत शिरतो तर शेजारची काकू दारातच. "काऊन वं, वापस आली?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सुट्टी हाये, काकू." एवढं सगळं करून आली आणि दारातच जीभ घसरली! आईनं ते ऐकलं. पाण्याचा गिलास हातात दिला. मी गिलास खाली ठेवला. मी तशीच बाहेर आली आणि काकूला म्हटलं, "सुट्टी नाई काकू. मी तिथं कपडे धूत होती. नर्सची नोकरी नव्हतीच. फोटोतली मीच हाये."  भाऊ आत निघून गेला. तो आजही माझ्याशी धड बोलत नाही. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आता मी परत बाहेर जायचा अर्ज करते आहे, या वेळी नर्स म्हणून. परीक्षा आहे, नोंदणी आहे. त्याला सहा वर्षांच्या कामाचं पत्र लागते आणि ते फक्त डॉक्टरसाहेब देऊ शकतात. जाईन का नाही, ते मला अजून माहीत नाही. मनात कधी हो येते, कधी नाही. पण ते मी ठरवीन, माझ्या नावाचा कागद हातात घेऊन.

पांढुर्ण्याला गेली. साहेब प्रेमानं बोलले. म्हणाले, "बाई नाराज आहे, पण मी समजावतो. उद्यापासून कामावर ये." मी म्हटलं, "काम नको साहेब. पत्र द्या. स्टाफ नर्स, सहा वर्षं." त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आया म्हणून लिहून देतो. रजिस्टरमध्ये तसंच आहे." सहा वर्षं त्यांच्या बाळंतिणी मी सोडवल्या, आणि रजिस्टरमध्ये मी आया. मी म्हटलं, "मग रजिस्टर चूक आहे." ते म्हणाले, "नंतर ये, गर्दी आहे." मी म्हटलं, "बसते."

आज चौथा दिवस. सकाळच्या बसनं येते, दवाखाना बंद होईपर्यंत पेशंटच्या बाकावर बसते. त्यातले अर्धे मला ओळखतात, कोणाला मी सुई दिली, कोणाचं पोर मी पहिल्यांदा हातात घेतलं. ते विचारतात, सिस्टर, तुम्ही इथं काऊन बसल्या? मी सांगते. चादर सांगते, कोटातला फोटो सांगते, पाया पडली तेही सांगते, काही लपवत नाही. आवाज हळू करत नाही. केबिनचं दार उघडंच असते, आत ऐकू जाते. जाऊ दे. 'नर्स' लिहिल्याशिवाय मी या बाकावरून उठणार नाही.