उळवीच्या फाट्यावरची फांदी

लोंढा सोडल्यावर उजव्या हाताला पहिला मैलाचा दगड लागतो, तो कलंडलेला आहे. मी विशीत होतो तेव्हाही तसाच होता. दर साली त्याला चुना लागतो, आकडे काळ्या रंगानं नवे होतात, पण त्याला सरळ करावं असं कुणाला सुचत नाही. मला रस्ते बघायचा नाद आहे. माणसं देव बघायला जातात. मी मोऱ्या, कठडे, फाटे आणि फाट्यांवरच्या पाट्या बघत जातो. घरचे हसतात. हसू देत. पण या नादापायी एका माणसाचं नाव गेलं, ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

तो माणूस त्या दिवशी मोटारीत माझ्या शेजारी बसला होता. आमच्या गावचा म्हातारा गाडीवान. सगळं गाव त्याला मामा म्हणतं, मीही म्हणतो. मोटार एका ओळखीच्या लाकूडव्यापाऱ्याची, ड्रायव्हरही त्याचाच. उळवीचं दर्शन करून येऊ, म्हणून मी मामाला बाहेर काढलं होतं. खरं म्हणजे उळवीच्या अलीकडच्या फाट्यावर पोचायच्या आत त्याच्यापुढं मन मोकळं करायचं, एवढ्यासाठीच निघालो होतो.

"ह्याच्या चाकाला वंगण कुठं घालत्यात गा?" मामानं ड्रायव्हरला विचारलं.

"वंगणाचं सोडा, पाणी बघा किती पितंय. बैलापरीस जास्त."

"व्हय, पर शेण टाकत न्हाई. बायकांच्या काय उपेगाचं?"

ड्रायव्हर हसला. मीही हसलो, आणि बोलायचं राहिलं. जगलबेटला राहिलं. सुप्याला काळी नदी ओलांडताना राहिलं. पुढं जोयड्याकडं चढ लागला, मोटार कण्हायला लागली, आणि माझ्याही अंगातलं त्राण गेलं. इतकी वर्षं गप्प राहिलं की बोलायचा नुसता विचारही दमवतो.

जत्रेला जाताना आमच्याकडच्या गाड्या एकामागं एक निघतात. जंगलात वाटा फुटतात, मागं राहिलेल्यांनी चुकू नये म्हणून पुढचा गाडीवान फाट्यावर उतरतो, एक हिरवी फांदी तोडतो आणि जी वाट धरायची नाही तिच्या तोंडावर आडवी टाकतो. मागून येणारा फांदी बघतो, दुसरी वाट धरतो. अक्षर येवो न येवो, फांदी सगळ्यांना वाचता येते.

मी विशीत होतो त्या साली माघातल्या उळवीच्या जत्रेला आई निघाली होती. थकली होती. एकदा रथाच्या दोराला हात लावायचा, मग कुठं जायचं नाही, असं म्हणाली होती. तिला मामाच्या गाडीत बसवलं, कारण त्याचे बैल सगळ्यांत गरीब. चाकाला वंगण घालायला त्याची गाडी मागं राहिली. मामा त्या रानात पहिल्यांदाच येत होता, पण त्याची काळजी कुणी केली नाही. फांदी असणारच होती.

मी सायकलवर होतो. नवी सायकल, कधी गाड्यांच्या पुढं, कधी मागं. फाट्यावर आलो तेव्हा सकाळचं धुकं होतं. डावीकडं उळवी. उजवीकडं नंदिगड्ड्याच्या अंगानं जाणारी, लाकूड ओढायला नवीच केलेली तांबडी सडक, रूळ फिरवून गुळगुळीत केलेली. आणि मधोमध रंगवलेली पाटी, तिच्यावर उळवीकडं बोट दाखवणारा हात! असली पाटी मी त्या मुलखात पहिल्यांदाच बघत होतो. सायकल टेकवून मी तिच्यापुढं उभाच राहिलो. त्या सुंदर सडकेच्या तोंडावर कुणीतरी पालापाचोळा टाकलाय, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसलं. आता पाटी आहे की, फांदी कशाला, असंही वाटलं असेल. मी फांदी ओढली आणि बाजूला भिरकावली. बाजूला म्हणजे उळवीच्या वाटेवर. तिथं ती आडवी पडली. मी वळून बघितलंही नाही.

मामाला अक्षर येत नव्हतं. त्यानं फांदी बघितली आणि तांबडी सडक धरली.

गाडी उळवीला पोचली तेव्हा रथ ओढून झाला होता. आई खाली उतरली. तिनं बाजूला पडलेल्या दोराला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. पुढचा माघ तिला दिसला नाही. थोरला भाऊ मामाच्या अंगावर धावून गेला होता. "फांदी उळवीच्या वाटंवर हुती," मामा सांगत राहिला. पुढच्या गाडीवाल्यानं शपथ घेतली की आपण उजवीकडंच टाकली. दोघंही खरं बोलत होते. ते कळणारा तिथं मी एकटाच होतो, आणि मी सायकलचं चाक पुसत बसलो.

त्यानंतर मामाच्या गाडीत कुणी बसेना. "काय गा, घरची वाट तरी गावती न्हवं?" असं पोरंसोरंही विचारायची. पुढं त्यानं बैल विकले.

फाटा आला. पाटी अजून आहे, रंग उडालाय, बोट गंजून खाली झुकलंय. "कुठल्या अंगानं?" ड्रायव्हरनं विचारलं. मी म्हटलं, थांब. आणि मग सांगितलं. पाटीकडं बघत सांगितलं, मामाकडं बघवलं नाही.

मामानं उळवीच्या वाटेकडं बघितलं.

"म्हंजे फांदी हुती," तो म्हणाला.

"होती."

"उळवीच्या वाटंवर."

"मीच टाकली."

"मला वाटाय लागलं हुतं, नसंल. धुक्यात भास झाला असंल. लोक म्हणत्यात ते खरं असंल." मग तो माझ्याकडं वळला. जन्मात पहिल्यांदा त्यानं मला अरेतुरे केलं. "माझ्या कानात सांगून काय करतोस? मला ठावंच हाय. थोरल्याला सांग. देवळाच्या कट्ट्यावर सांग. मोटार फिरवायला लाव."

"दर्शन?"

"देव कुठं पळून चाललाय?"

मोटार फिरली. संध्याकाळी कट्ट्यावर चारचौघांत मी सगळं बोललो. थोरल्यानं एवढंच विचारलं, "आई होती तवा का न्हाई सांगितलंस?" तो उठून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मामाला मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी घरी बोलावून जेवायला वाढलं.

माघात गाड्या निघाल्या तेव्हा मामाला पुढच्या गाडीत बसवलं. स्वतःचे बैल नव्हतेच. फाट्यावर तो खाली उतरला, फांदी तोडली, उजव्या वाटेवर आडवी टाकली आणि पायानं दाबून बसवली. मी सवयीनं पाटीपुढं रेंगाळलो होतो.

"आता काय तिथं?" तो ओरडला. "हात लावू नको कशालाबी. गाडीत बस गुमान."

मी जाऊन बसलो.