तारेवरच्या चार स्प्रिंगा

त्या दुपारचा विषय निघाला की आजही माझी नजर आधी घड्याळाकडे जाते.

तेव्हा माझी नेमणूक देवळीच्या पोलीस ठाण्यात होती. सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बसस्टँडामागच्या मिस्त्रीकडे जुन्या गाड्यांचे पार्ट येऊन राह्यले. माल चोरीचा हाये." कारखान्यातून कधीच बंद झालेल्या मोटारसायकलींचे पार्ट दुकानात मिळत नाहीत. हौशी मालक त्यांच्यासाठी कबाडखाने पालथे घालतात. आमच्या हद्दीतून तशा दोन गाड्या महिन्याभरात चोरीला गेल्या होत्या, म्हणून खबर मला खरी वाटली.

मिस्त्रीला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा माणूस, नखांत काळं ऑइल. स्टेशन डायरीतली वेळ अकरा वाजून दहा मिनिटे.

"पुढच्या चाकाच्या फोर्कमधल्या स्प्रिंगा कुठून आणल्या?"

"नागपूरच्या कबाड्याकडून साहेब."

"पावती?"

"कबाडी पावती देते का कधी? तुमीच सांगा."

"आमालेच इचारतं का बे?" हवालदार खेकसला.

गाड्या कुठे तोडल्या, सोबत कोण होतं, तेच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारत राहिलो. तो मान हलवायचा आणि घाम पुसायचा. घाबरलेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस लांबून सारखेच दिसतात.

एक वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या ठाण्याचा फोन आला. पवनारजवळ जुन्या मोटारसायकलवरचा एक जण ब्रेक दाबताना पडला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. फोर्कच्या स्प्रिंगा त्याने नऊ दिवसांपूर्वी आमच्याच मिस्त्रीकडे बदलल्या होत्या. फोर्क उघडला, तर उजवी स्प्रिंग मधोमध तुटलेली. तुटल्या जागी वेल्डिंग होतं.

मी ते मिस्त्रीला सांगितलं. मग सगळं बाहेर आलं. त्या मापाची स्प्रिंग कुठेच मिळेना, तेव्हा त्याने दुसऱ्या गाडीच्या आखूड स्प्रिंगा वेल्डिंगने जोडून लांबी पुरी केली होती आणि वरून काळा रंग मारला होता. चोरीचा मामलाच नव्हता.

"अशा किती जोड्या बसवल्या?"

"एकच साहेब. पोरीची शप्पथ."

पंचनाम्यासाठी त्याला घेऊन गॅरेजवर गेलो. भिंतीवर तारेत गाड्यांतून काढलेल्या जुन्या स्प्रिंगा ओवलेल्या होत्या. मी कारण विचारलं.

"जुनी फेकत नाई साहेब. पुढच्या वेळी कबाड्याले नमुना दाखवाले तेच लागते."

मी मोजल्या. चौदा. दहांवर धुळीचा थर, चारांवर फोर्कमधलं ऑइल अजून ओलसर. मोटारसायकलच्या फोर्कला दोन नळ्या, दोनच स्प्रिंगा. एक गाडी केली असेल, तर ताज्या दोनच निघायला हव्यात.

"मिस्त्री, दुसरी गाडी कोणाची?"

त्याने तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रडायला लागला. "रोहण्याची साहेब. परवाच नेली. तुमी चोरी म्हणाले न, मले वाटलं दोन सांगतल्या त दोन गुन्हे लागतीन."

त्या गाडीवर रोज नवरा-बायको बसतात, असं त्याने सांगितलं. मालकाचा नंबर लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पाच वेळा. रोहणा आर्वी तालुक्यात, आमची जीप पोहोचायला दीड तास लागला असता. शेवटी तिथल्या पोलीस पाटलांना फोन केला.

"पाटील, ती जुनी मोटारसायकल दिसली की थांबवा. चालू करू देऊ नका. ढकलत न्यायची."

"घरी पाहतो साहेब. नाई त रस्त्यावर उभा राहतो."

पुढची बावीस मिनिटं मी घड्याळाकडे पाहत होतो. मिस्त्री हातातलं फडकं पिळत होता. पाटलांचा फोन आला, तेव्हा आधी मालकाचाच चढलेला आवाज ऐकू आला, "काऊन अडवून राह्यले मले? गाडी काय चोरीची हाये?" मागे त्याची बायको, "उतरा म्हणते न पाटील, त उतरा आधी!"

मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी रोहण्याच्या गाडीच्या स्प्रिंगा ठाण्यात आल्या. डाव्या स्प्रिंगच्या जोडाला तडा गेला होता. नख अडकेल एवढा. मिस्त्रीवर पवनारच्या अपघाताचा गुन्हा दाखल झाला, आणि ते योग्यच होतं. चोरीचं कलम मात्र मी लावलं नाही.

जबाब घेताना रोहण्याच्या मालकाला विचारलं, "काल गाडी किती चालवली?"

"जास्त नाई साहेब. बारा वाजता बायकोले आर्वीले दवाखान्यात नेलतं. परत येऊन राह्यलो होतो, त पाटलानं अडवलं."

बारा वाजता मिस्त्री माझ्यासमोर बसला होता. त्याला रोहण्याची ती गाडी माहीत होती, फक्त मी विचारलं नव्हतं. झालेला गुन्हा जागेवरच थांबतो, उद्या तपासता येतो. जे अजून घडायचं आहे ते थांबत नाही, हे मला त्या जबाबाने शिकवलं. पुढे प्रत्येक चौकशीत माझा पहिला प्रश्न एकच असायचा, "यातून अजून कोणाला इजा होऊ शकते?"

डायरीत त्या दिवसाची नोंद माझ्याच अक्षरात आहे: अकरा दहा ते एक पाच, चौकशी सुरू. एक तास पंचावन्न मिनिटे. त्याच वेळात ती दोघं त्या तड्यावर बसून आर्वीच्या रस्त्याला लागली होती.