एक दिवस ढोरकी

माणसं ओळखण्याची आमच्या ढोरकीबुवांची पद्धत सोपी होती. ते ढोरांवरून ओळखायचे. बदली होऊन गावात आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी ते मला आखरावर भेटले. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. घरोघरची गुरं सकाळी तिथे जमायची आणि बुवा ती चारायला रानात न्यायचे. मी माझं नाव, शिक्षण, शाळेतला हुद्दा असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढोरं किती?"

"एकही नाही."

"अरे बाप्पा! मंग तुमाले वळखाव कसं जी?"

त्या गावात मी अकरा वर्षं शिकवलं. शेवटपर्यंत त्यांच्या लेखी मी 'बिनढोराचे गुरुजी'च राहिलो. इतरांचीही सुटका नव्हती. कुणी 'लंगडीवाली बाई', कुणी 'मारक्याचा मालक'. सरपंच पाटलांना अख्खा तालुका ओळखत असे, पण बुवांसाठी ते 'दोन पांढऱ्या बैलाचे' एवढेच होते, आणि पाटील कधी चढ्या आवाजात बोलले की बुवा त्या बैलांची तब्येत विचारत.

नाल्यापलीकडे गायरानाचा एक मोठा उतार होता. त्याला गावात 'राखण' म्हणत. आखाडीपासून दिवाळीपर्यंत तिथे एकाही जनावराने तोंड घालायचं नाही, असा नियम होता. दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशी बासरी-ढोलकीच्या गजरात बुवा पहिली गाय आत सोडत आणि मग राखण खुली होई. घरोघरच्या वाट्याचं गवत कापून झालं की उरलेलं उन्हाळ्यासाठी ठेवायचं. हा नियम कुठे लिहिलेला आहे, असं मी एकदा विचारलं. लिहिणं हाच माझा धंदा, त्यामुळे दुसरं सुचलं नाही.

"कागद नाई जी," बुवा म्हणाले. "पन बी गळाच्या आंधी गवत खाल्लं, त चैतात ढोरं काय खातीन? माती?"

नियम मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेली होती: एक दिवस ढोरकी व्हायचं. स्वतःचीच नव्हे, साऱ्या गावाची गुरं दिवसभर चारायची आणि सगळी परत आणायची. बुवा बरोबर असत, पण हात लावत नसत. पळसाखाली बसून नुसत्या सूचना करत. पाटलांची जोडी राखणीत सापडली की पाटलांनाही सूट नव्हती. धोतर खोचून ते म्हशींमागे धावताना बुवा ओरडायचे, "मांगं पाहा, पाटील, मांगं! हे सभा नोय, इथं कोनी आपल्या मनानं बसून राहात नाई!"

ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी त्या उतारावर निलगिरी लावायचं एका सरकारी खात्याने ठरवलं. नकाशात राखण 'पडीक' होती. ग्रामपंचायतीने आनंदाने संमतीचा ठराव केला. अक्षर बरं म्हणून तो मीच लिहिला आणि अक्षराखेरीज त्यातल्या कशाकडेही लक्ष दिलं नाही. संध्याकाळी बुवा माझ्या ओसरीवर आले.

"गुरुजी, निलगिरी ढोर खाते काय?"

"नाही."

"माणूस खाते?"

"नाही."

"मंग कोनासाठी लावून राह्यले?"

"पर्यावरणासाठी," मी म्हणालो.

"असं? त्याचे ढोरं किती?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "राखन गेली त चैतात अर्धे ढोरं बाजारात जातीन," ते म्हणाले. "मंग वावर कोन वाहीन?" पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज बारीक वाटला.

लागवडीचा समारंभ ऐन पावसाळ्यात, राखणीच्या कडेला मांडव घालून झाला. खात्याच्या साहेबांची जीप आमच्या काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत रुतली, तेव्हा पाटलांनी त्यांना स्वतःच्या सजवलेल्या बैलबंडीतून मिरवत आणलं. भाषणं सुरू झाली. 'वृक्ष' हा शब्द इतक्यांदा आला की मांडवात सावली दाट झाल्यासारखी वाटली. या गडबडीत सोडलेल्या बैलांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झुली आणि गोंड्यांसकट ते राखणीत शिरले आणि कोवळं गवत खाऊ लागले.

बुवा उठून उभे राहिले. "थांबा जी जरा. पाटील, बैल कोनाचे?"

"माहेच हायेत," पाटील गडबडले, "पन आले त सायबासाठी ना!"

साहेब तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले. काय झालं ते त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. मांडवातले सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. पाटील कानाशी लागून म्हणाले, "सायेब, बुढा येडा हाये, तुमी मनावर घेऊ नका."

"पण नियम आहे ना?" साहेब म्हणाले. "उद्या किती वाजता यायचं, बुवा?"

ते खरंच आले. दुपारपर्यंत त्यांचे बूट त्यांच्या हातात होते आणि दोन म्हशी बेपत्ता होत्या. त्या शोधता शोधता पाऊस आला. राखणीतून नाल्यात येणारं पाणी स्वच्छ होतं. समोरच्या, बारमाही चरलेल्या बरड माळावरून येणारं चहासारखं लाल. बुवांनी फक्त काठीने दोन्हीकडे दाखवलं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर गरम पाण्यात पाय सोडून बसलेले साहेब म्हणाले, "तो ठराव कुणी लिहिला?"

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो.

तो आम्ही नव्याने लिहिला. निलगिरी सडकेकडेच्या मुरमावर गेली, राखण वाचली. महिन्याभराने तिथे एक पाटी मात्र आली: 'खात्याने विकसित केलेले कुरण.' मी चिडून बुवांना ती वाचून दाखवली.

"असू द्या जी," ते म्हणाले. "बोर्ड काई गवत खात नाई."

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी, आखाडीच्या थोडं आधी, बुवा चार दिवसांच्या तापाने गेले. त्यांच्या जागी कुणी यायला तयार होईना. आखरावर सारं गाव जमलं. ढोरं विकावी लागणार, असं बोलणं निघालं. घरटी पाळी लावू म्हटलं, तर कुणी म्हणालं, हे काम येते कोनाले?

लंगडीवाली बाई पुढे आली. "मले येते. दोन डाव धरलं होतं मले बुढ्यानं."

मग एकेक जण बोलू लागला. कुणाचा एक दिवस झाला होता, कुणाचे तीन. "माहे पाच झाले," पाटील म्हणाले, आणि निवडणुकीतल्या विजयाबद्दलही ते इतक्या अभिमानाने कधी बोलले नव्हते. मी यादी लिहीत होतो. एकही दिवस न भरलेलं घर गावात एकच निघालं. मी ते नाव मुकाट्याने शेवटी लिहिलं.

माझी पाळी आखाडीनंतरच्या एका रविवारी आली. उन्हं कलताना, डोळ्यांदेखत तीन गायी राखणीत शिरल्या आणि मी पोचेपर्यंत पोटभर चरल्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी गुरं आखरावर आणली आणि जमलेल्यांना मी आपणहून ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीची पाळी पाटलांची होती. त्यांनी फक्त काठी माझ्याकडेच राहू दिली. घरी येऊन मी सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी बराच वेळ विचार करून 'ढोरं' एवढंच लिहिलं. मुख्याध्यापक त्याच गावचे होते. त्यांनी काही न विचारता सही केली.