गुरप्पा मिस्त्री आणि माझ्या मोटारीचे दार

गुरप्पा मिस्त्रींकडे मी पहिल्यांदा गेले ती रागाने धुमसतच. आमच्या बायकांच्या दवाखान्याच्या जुन्या मोटारीचे दार चालता चालता आपोआप उघडत असे. एकदा अक्कलकोट रस्त्यावर आमची दाई बाहेर पडता पडता वाचली. दोन ठिकाणी कुलूप बदलून झाले, तरी तेच. शेवटी दवाखान्याच्या अध्यक्षांनी ठरवून टाकले, की डॉक्टरीणबाईंना दार नीट लावता येत नाही, मोटार काढून घ्यावी. मोटार गेली असती, तर खेड्यांतल्या अडलेल्या बायकांपर्यंत मी पोचणार कशी होते?

मिस्त्रींनी कुलपाच्या जिभेला काजळ फासले, दार लावून पुन्हा उघडले आणि चौकटीवरचा डाग दाखवला. जीभ खाचेच्या खालच्या कडेला जेमतेम टेकत होती. मग त्यांनी दार खालून उचलले, तर ते बोटभर वर आले.

"बाई, तुमचं काय बी चुकलं न्हाय. बिजागरीची खीळ झिजलीय. दार खाली बसलंय, कुलूप काय करंल?"

मला रडू आले, हे लपवत नाही. पण मिस्त्री लगेच कामाला लागले नाहीत. "आदी अध्यक्षांना बोलवा," म्हणाले.

अध्यक्ष आले आणि बायकांच्या हाताला जोर नसतो, असे सर्वांदेखत बोलले.

"मग तुमीच बसा की. तुमच्या हातानं लावा."

अध्यक्षांनी दार धाडकन लावले. मिस्त्रींनी मोटार कोपऱ्यापर्यंत नेली. पहिल्याच खड्ड्याला दार सताड उघडले आणि अध्यक्षांनी मिस्त्रींच्या दंडाला मिठी मारली.

"आता सांगा साहेब, जोर कुणाचा कमी पडला?"

दुसऱ्या दिवशी नवी खीळ बसली. मोटार माझ्याकडेच राहिली. अध्यक्षांच्या गोतावळ्यातल्या मोटारी मात्र मिस्त्रींकडे येईनाशा झाल्या. मी हळहळले, तर ते म्हणाले, "मग काय, खोटं सांगू?" एवढेच बोलून ते पान्याकडे वळले.

अशा मिस्त्रींच्या साठीचा हा गौरवग्रंथ आम्ही काढतो म्हटल्यावर गावातल्या काही प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. मिस्त्रींचा कसला गौरव, म्हणे! माझी मोटार वेळेवर पोचली म्हणून ज्या बायका आज जिवंत आहेत, त्यांना जाऊन विचारा.

मिस्त्रींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. नाके मुरडणाऱ्यांनाही तितकेच लाभो. पंचाहत्तरीचा ग्रंथ आम्ही याहून जाड काढणार आहोत, तो त्यांनी बघायलाच हवा.